नाताळात दोघांनी इमॅजिका: गोव्याहून जाऊन एका दिवसात जमतं का?

डिचोलीकर_दोघं

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरअखेर आमचं लग्न आहे आणि २०२६ चा नाताळ ही लग्नानंतरची पहिली सुट्टी. बीच नको आहेत, त्या आठवड्यात कळंगुटला गाडी वळवायलाही जागा नसते. खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं मनात आहे. २५ डिसेंबर यंदा शुक्रवारी येतो, म्हणजे शुक्र-शनि-रवि सलग मिळतात. फार रजा नाही, एखाद-दोन दिवस निघतील.

विचारायचं ते असं. थीम पार्क आणि वॉटर पार्क एका दिवसात दोन्ही होतात का? गाडीने जावं की रेल्वेने? रांग टाळणाऱ्या एक्सप्रेस तिकिटाला जास्तीचे पैसे घालावेत का? पार्कला लागून असलेल्या नोवोटेलमध्येच राहायला हवं का? आणि हिच्या हातात तेव्हा चुडा असेल, राइडवर त्याची अडचण होते का?

रांगेतला_पहिला

पात्रांव, सगळ्यात आधी तारीख बदला. बाकीचे निम्मे प्रश्न त्यानेच सुटतील.

२५, २६, २७ हे तीन दिवस मुंबई, ठाणे आणि पुणे या तिन्ही शहरांना एकदम सुट्टी. पार्क या तिघांच्या बरोबर मध्ये. तुम्ही दहा तास प्रवास करून पोचणार आणि घरून दोन तासांत आलेल्या माणसाच्या मागे उभे राहणार.

गोव्याच्या कॅलेंडरचा एक फायदा असतो, तो आपल्याच लोकांच्या ध्यानात येत नाही. ३ डिसेंबरला सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताची आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची सुट्टी आपल्याला आहे, महाराष्ट्राला नाही. यंदा ३ तारीख गुरुवारी येते. पार्कात तो साधा कामाचा दिवस, तुमची मात्र सुट्टी. १९ मात्र शनिवारी पडते, म्हणजे तिचा काही उपयोग नाही.

डिचोलीकर_दोघं

३ तारखेला जमणार नाही. लग्नाची पूजा, दोन्हीकडची जेवणं, सगळं त्याच आठवड्यात आहे. नाताळाच्या आसपासच जायचं म्हटलं तर?

रांगेतला_पहिला

मग २४ डिसेंबर, गुरुवार. एक दिवसाची रजा आणि आदल्या दिवशीची अर्धी. २५ ला दुपारच्या आत घरी परत. शेजाऱ्यांकडच्या नेवऱ्या आणि दोदोलही चुकणार नाहीत.

आता दिवस कसा लावायचा ते. फाटक उघडायच्या पाऊण तास आधी तिथे हजर राहा. तिकीट फोनवर उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण फाटकाशी हजार फोन एकदम नेट ओढत असतात आणि पान उघडत नाही. आत शिरल्यावर लोक पहिल्या चौकात फोटो काढत अर्धा तास घालवतात. तोच अर्धा तास तुमच्या कामाचा. थेट नायट्रो हा रोलर कोस्टर गाठा. साधारण ४० मीटर उंची, ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास वेग, पाच वेळा माणूस उलटा होतो. पायाखाली फरशी नसते, पाय लोंबते राहतात. तिथून लगेच डीप स्पेस. ही बंद इमारतीतली, पूर्ण अंधारातली राइड. झटक्याने सुटते आणि पुढचं वळण दिसत नाही, त्यामुळे वेग आहे त्याहून जास्त वाटतो. मग स्क्रीम मशीन आणि उंचावरून खाली सोडणारी डेअर टू ड्रॉप. या चारही साडेबाराच्या आत झाल्या तर दिवस तुमचा. दोन झाल्या तरी वाईट नाही.

बारा ते चार सहलीच्या बसेसची गर्दी टिपेला असते. डिसेंबर म्हणजे महाराष्ट्रात शाळांच्या सहलींचा हंगाम, त्यामुळे कामाचा दिवस म्हणजे मोकळा दिवस असं समीकरण मांडू नका. पण त्या पोरांना अंधाराआधी परत निघायचं असतं, म्हणून चार-साडेचारनंतर रांगा झपाट्याने ओसरतात. मधले चार तास छपराखालच्या गोष्टींना द्या. आय फॉर इंडियात खुर्च्या उचलून मोठ्या पडद्यासमोर धरतात आणि देश वरून दिसतो. अलिबाबाच्या राइडमध्ये बंदुकीने नेम मारायचे असतात, नवराबायकोत गुण मोजायला बरी. भुतांची आवड असेल तर सलीमगढ.

राजासॉरसची होडी दोन-अडीचच्या सुमारास घ्या, संध्याकाळी नको. शेवटी उतारावरून पाण्यात आपटते आणि भिजायला होतं. उन्हात तासाभरात कपडे वाळतात. सहानंतर भिजलात तर घाटाखालची थंडी पाठीत भरते आणि पुढे रात्रीचा प्रवास आहेच. (राजासॉरस हा कुणी कल्पनेतून काढलेला प्राणी नाही, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्याला हे नाव दिलं गेलं.)

पाचनंतर नायट्रोला पुन्हा जा. दिवसभर धावून चाकं आणि वंगण तापलेलं असतं, त्यामुळे गाडी सकाळपेक्षा जरा मोकळी धावते. सकाळी पुढच्या ओळीत बसला असाल तर आता शेवटच्या ओळीत बसा. पुढचे डबे उतरणीला लागले की ते मागच्यांना ओढतात, म्हणून मागचा माणूस शिखरावरून उचलून फेकल्यासारखा खाली येतो. एकाच राइडचे दोन वेगळे अनुभव आहेत, दोन्ही घ्या.

रांगेतला_पहिला

एक्सप्रेसचं राहिलं. तिथल्या तिथे हिशेब करता येतो. रांगेतून गाडी दिसत असेल तर एका फेरीत किती माणसं बसतात आणि दोन फेऱ्यांत किती मिनिटं जातात ते मोजा. समजा २० माणसं आणि ३ मिनिटं, म्हणजे तासाला ४००. तुमच्या पुढे २०० डोकी असतील तर अर्धा तास. एक्सप्रेसवाले मधून घुसतात म्हणून त्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा. पाटीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा हा आकडा जास्त खरा निघतो.

२४ ला वेळेत पोचलात तर एक्सप्रेसची गरज नाही. २५ ते २७ लाच जाणार असाल तर मात्र तेच घ्या, त्याशिवाय दिवसात पाच-सहा मोठ्या राइडच्या वर होणार नाहीत. घेण्याआधी ते कोणकोणत्या राइडला आणि किती वेळा चालतं ते वाचा. लोक न वाचता घेतात आणि मग दारावरच्या पोराशी भांडतात.

रुळावरून_थिवी

रेल्वेने जा. गाडी चालवून दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाच वेळा उलटा व्हायच्या लायकीचा राहत नाही.

जाताना २३ तारखेची मडगाव-मुंबई वंदे भारत, २२२३०. मडगावहून दुपारी २:४० ला सुटते, थिवीला थांबते, रात्री नऊच्या आसपास पनवेल. शुक्रवार सोडून रोज असते, २३ बुधवारी आहे. डिचोलीहून थिवीलाच चढा, मडगावपर्यंत उलटं कशाला जाता? पनवेलला उतरून टॅक्सी, साधारण तासाभराची वाट. खोपोलीला एसटीही मिळते, पण पार्क खोपोली गावात नाही, पाली रस्त्यावर आहे. रात्री दहाला सामान घेऊन रिक्षा शोधायची वेळ आणू नका, टॅक्सी आधी सांगून ठेवा.

कोकणकन्येने जायचा मोह होईल, संध्याकाळी चढलं की झोपून पोचतो म्हणून. ती पनवेलला पहाटे चारच्या सुमारास आणून सोडते. पार्क उघडेपर्यंत सहा तास करणार काय? हॉटेलची खोली दुपारी मिळते. अर्धवट झोपेत राइडवर बसलं की हमखास मळमळतं.

येताना मात्र कोकणकन्याच, २०१११. मुंबईहून २४ तारखेला रात्री ११:०५ ला सुटते आणि पनवेलला येते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे पनवेलहून तुमच्या प्रवासाची तारीख २५ आहे, २४ नाही. ही चूक इतकी नेहमीची आहे की ठळक लिहिलं. पनवेलहून २४ तारीख टाकून तिकीट काढलं तर ते २३ च्या रात्री निघालेल्या गाडीचं मिळेल. ती गाडी पनवेलहून जाईल तेव्हा तुम्ही खोपोलीत गाढ झोपलेले असाल आणि दुसऱ्या रात्री टीसी तुमचं तिकीट बघून मान हलवेल.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. २३ च्या वंदे भारतचं २४ ऑक्टोबरला, २४ च्या कोकणकन्येचं २५ ऑक्टोबरला. दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. जातानाचं तिकीट निवांत मिळेल, कारण नाताळात अख्खी मुंबई गोव्याकडे येते आणि तुम्ही उलटे निघालात. येतानाची गोष्ट उलटी, त्या रात्रीची कोकणकन्या वर्षभरातल्या सगळ्यात ओढाताणीच्या गाड्यांपैकी. ८ वाजायच्या आधीच लॉगिन करून बसा. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर आजच जोडा, बुकिंग उघडतं त्या सुरुवातीच्या वेळात आधार नसलेल्या खात्याला तिकीट काढता येत नाही.

अजून एक. तिकीट काढाल तेव्हा लग्न झालेलं नसेल. वहिनींचं नाव त्यांच्या आत्ताच्या आधारवर आहे तेच टाका, हॉटेललाही तेच. हौसेने सासरचं आडनाव घातलं आणि ओळखपत्र माहेरचं निघालं की गाडीत खुलासे करत बसावं लागतं.

वाकणफाटा

गाडीने जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, धागा इतरही वाचतील.

राष्ट्रीय महामार्ग ६६ ने पनवेलपर्यंत जायचं कारण नाही. पत्रादेवी ओलांडून कुडाळ, कणकवली, हातखंबा, चिपळूण, कशेडी, महाड, माणगाव, कोलाड करत सुकेळी खिंड उतरलात की वाकण फाटा येतो. तिथे उजवीकडे वळा, पाली गाठा आणि पाली-खोपोली रस्त्याने सरळ जा. पार्क याच रस्त्यावर, खोपोलीच्या अलीकडे. मॅप पुष्कळदा पेणकडून किंवा पनवेलकडून फिरवतो, म्हणून मध्ये पाली हा थांबा घालून ठेवा. बल्लाळेश्वराचं दर्शनही वाटेत होतं. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच. नव्या जोडप्याला घरातले कुठल्या तरी देवाला जायला सांगणारच, ते इथेच उरकेल.

सगळं मिळून दहा तास धरा. रखडायला होतं ते संगमेश्वरच्या पट्ट्यात आणि माणगाव-इंदापूरला. माणगाव बाजारात सकाळी दहा ते दुपारी एक अडकलात तर एक तास तिथेच गेला समजा. पहाटे चारला निघालात तर ही वेळ नेमकी गाठता, म्हणून एक तर रात्री दोनला निघा नाही तर सकाळी सातला.

दुसरी वाट चोर्ल्याने बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे आणि एक्सप्रेसवेने खाली. रस्ता चांगला, पण पुणे बाह्यवळण आणि लोणावळ्याचा घाट सुट्टीत भरवशाचे नाहीत. फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नाही, तिथे वेगळे पैसे कापले जातात.

आणि डिकीत गोव्याची बाटली नको. एकही. डिसेंबरात महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क खातं इन्सुलीसारख्या नाक्यांवर डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. पाहुण्याला द्यायची आहे, सीलबंद आहे, यातलं काही चालत नाही. बाटलीबरोबर गाडीही अडकते.

म्हापसेकरीण

चुड्याचं कुणीच बोलेना म्हणून लिहिते.

वॉटर पार्कात काचेच्या बांगड्या घालून घसरगुंडीवर सोडतच नाहीत आणि ते बरोबर आहे. बांगडी फुटली तर पहिलं मनगट तुमचं कापतं, मग तुकडा पाण्यात जातो आणि तो पाण्यात दिसत नाही, मागून येणाऱ्याच्या पायात शिरतो. थीम पार्कात तेवढं कडक नसलं तरी नायट्रोसारख्या राइडवर खांद्यांवरून हार्नेस येतो आणि त्याच्या दांड्या छातीशी घट्ट धरायच्या असतात. तेव्हा बांगड्या दांडी आणि मनगटाच्या मध्ये सापडतात. खेळाडू घालतात तसा रुंद टॉवेलच्या कापडाचा मनगटपट्टा मिळतो. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या, एकावर एक घट्ट बसवायच्या आणि वरून पट्टा ओढायचा. नेहमीचा पट्टा डझनभर बांगड्यांना पुरत नाही, जुन्या मोज्याची पावलाकडची बाजू कापून नळी केली की तीही चालते. तरी राइडवरचा माणूस नको म्हणाला तर वाद घालू नका.

चुडा किती दिवस ठेवायचा हे प्रत्येक घरात वेगळं. तुमच्या घरी नाताळापर्यंत उतरवायचा असेल तर प्रश्नच मिटला. ते आईंना आणि सासूबाईंना आत्ताच विचारा, तिकीट काढल्यावर नको.

मंगळसूत्र लांब असेल तर हार्नेसखाली अडकतं आणि मानेला काचतं. त्या दिवसापुरतं छोटं घाला किंवा हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. अंगठीचंही तेच: गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि नवी, जरा सैल केलेली अंगठी नकळत निसटते.

पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट. नायट्रोला पाय लोंबते असतात, साधी चप्पल फलाटावर काढूनच बसावं लागतं. चष्म्याला मागून दोरी लावा. आणि दोघांत मिळून एकच, चेन असलेला कमरेचा छोटा पाउच घ्या, बाकी सगळं लॉकरमध्ये. हातात मोठी बॅग असली की एकाने खाली उभं राहायचं आणि दुसऱ्याने बसायचं असं होतं. मग जोडीने गेलात कशाला?

डिचोलीकर_दोघं

म्हापसेकरीण, मोज्याची युक्ती हिला फारच आवडली. वॉटर पार्कचं मात्र अजून ठरत नाही, कॉम्बो तिकीट स्वस्त पडतंय असं दिसतं.

म्हापसेकरीण

नाही जमणार. डिसेंबरात तिथलं पाणी सकाळी गार असतं, बारा ते चार एवढाच काय तो सुखाचा वेळ. त्यात कपडे बदलणं, केस वाळवणं, लॉकरची रांग यात दीड तास जातो. कपडेही नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि त्याचे धागे गाळणीत अडकतात, जीन्सची बटणं आणि चेन घसरगुंडीला चरे पाडतात, म्हणून ते सोडत नाहीत. मग भाड्याने पोशाख घ्यायचा, तो दुसऱ्यांनी घातलेला. घसरगुंड्या आपल्याकडेही आहेत, मे महिन्यात जा.

रांगेतला_पहिला

सहमत. कॉम्बो स्वस्त तेव्हाच, जेव्हा दोन दिवस हातात असतात.

राहण्याचं: २३ च्या रात्री तुम्ही दहाला पोचणार आणि २४ ला सकाळी खोली सोडणार. तेवढ्यासाठी नोवोटेल घ्यायचं तर केवळ फाटकाशी जवळ म्हणून. सीझनला दर चढतात, आणि एका रात्रीचं भाडं ७५०० च्या वर गेलं की जीएसटी ५ ऐवजी १८ टक्के लागतो. म्हणजे ७४०० ची आणि ७६०० ची खोली यांत हातात पडणारा फरक दोनशेचा नाही, बाराशेचा आहे. खोपोलीत साधं, स्वच्छ हॉटेल पाहा आणि वाचलेल्या पैशांत जेवा. बाहेरचं खाणं पार्कात नेऊ देत नाहीत, तेव्हा सकाळी हॉटेलातच पोटभर नाश्ता करा. आत एक ते दोनच्या मध्ये खायला जाऊ नका, तेव्हा जेवणाची रांग नायट्रोपेक्षा मोठी असते. पावणेबाराला किंवा तीनला जा. जेवल्यावर तासभर स्क्रीम मशीनकडे फिरकायचं नाही. तो लंबकासारखा झुलतो आणि वर गोलही फिरतो, भरल्या पोटाला सगळ्यात वाईट तोच.

घाटात गाडी लागणारं कुणी असेल तर अॅव्होमिनसारखी गोळी राइडच्या तासभर आधी घेतली तरच उपयोग होतो. झोप येते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. मान, पाठ, रक्तदाब यातलं काही असेल तर नायट्रो आणि ड्रॉप दोन्ही सोडा.

डिचोलीकर_दोघं

ठरलं. २३ ची वंदे भारत थिवीहून, २४ ला फक्त थीम पार्क, रात्री पनवेल. पार्क आठच्या सुमारास बंद झालं तर साडेबारापर्यंत वेळ कसा काढायचा?

रुळावरून_थिवी

वेळ उरत नाही हो. बंद व्हायच्या वेळेला सगळ्यांच्याच टॅक्सी एकदम येतात, तुमची शोधायला वीस मिनिटं जातात. सामान सकाळी खोपोलीच्या हॉटेलात ठेवलं असेल तर ते उचलायचं, जेवायचं, तिथून पनवेल तास-सव्वातास. अकराला स्टेशनात आलात म्हणजे बरोबर. पनवेलचे फलाट लांबलचक आहेत, डब्याची जागा फलाटावरच्या पाटीवर बघून आधीच तिथे जाऊन उभे राहा. नाताळच्या रात्री गाडी आल्यावर सामान घेऊन दहा डबे पळणं होत नाही.

आणि तारीख २५ टाका. पुन्हा सांगतो, २५.